डाव्या डोळ्याची शेपटी

मॅकॅलन शहराच्या तेविसाव्या रस्त्यावरच्या दुकानात होविता कान्तूच्या खुर्चीत बसल्याशिवाय तिथं लग्नासारख्या थाटात होणाऱ्या पंधराव्या वाढदिवसाचा झगा कुणा पोरीच्या अंगावर चढत नसे. एकतीस वर्षं ती चेहरे रंगवत आली होती. आताच्या कित्येक मुलींच्या आयाही तिनंच नटवलेल्या. पण गेली दोन वर्षं मुली खुर्चीत बसल्या की फोनच पुढे करत.

"मावशी, अगदी हिच्यासारखं करा."

ही म्हणजे यारेत्सी. होविताच्या हाताखाली चार वर्षं शिकलेली. आता घरी दिवे लावून व्हिडिओ करायची आणि वीस लाख लोक ते बघायचे. काजळाची पेन्सिल आधी आपल्या मानेवर टेकवून मऊ होईस्तोवर शेकायची, मग डोळ्यांत फिरवायची, ही युक्ती होविताची. यारेत्सी मात्र लाडिक हसून सांगे, "ही माझी खास युक्ती हं!"

"माझी म्हणे, मेली!" होविता चरफडे. "चोर तो चोर, वर शिरजोर."

शेजारच्या खुर्चीवर केस करणारी चेलो म्हणे, "मग बघतेस कशाला?"

"मी कुठं बघते?"

"आणि काल फोनपायी तव्यावरची तोर्तिया कुणी करपवली गं?"

बघायची. एकही सोडत नसे. तिला हवं होतं ते एवढंच, की पोरीनं एकदा, अगदी एकदाच, आपलं नाव घ्यावं.

नाव काही आलं नाही. मग होवितानं खोट्या नावानं तिच्या व्हिडिओंखाली खवचट शेरे लिहायला सुरुवात केली. ते कुणी वाचलेही नाहीत. अशात एका मंगळवारी हमरस्त्यावर लिपस्टिकची जाहिरात लागली, आणि त्यावर दोन मजले उंच यारेत्सी. होवितानं गाडी कडेला घेतली आणि त्याच खोट्या नावानं लिहिलं: "डावी पापणी लोंबते तुझी. काजळाची शेपटी वर ओढून किती दिवस लपवशील?"

लहानपणी कुत्र्यानं ओरबाडल्यापासून ती पापणी खाली आलेली. पोरगी पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा त्या डोळ्यावर केस ओढून बसली होती. होवितानंच ते केस कानामागे सारले होते आणि काजळाची शेपटी त्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी वर घ्यायला शिकवली होती. त्यानंतर ती पापणी कुणाच्या लक्षात आली नाही.

हा शेरा मात्र वणव्यासारखा पसरला. लोक फोटो मोठे करकरून पापणी बघू लागले, नाही नाही ती नावं ठेवू लागले. पहिल्या दिवशी होविताला गुदगुल्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तिनं फोन पालथा घालून ठेवला.

तिसऱ्या दिवशी यारेत्सी फोनवरून सगळ्यांसमोर थेट बोलायला बसली. तिनं कापूस घेतला आणि तोंड पुसून स्वच्छ केलं.

"लोंबते ही पापणी," ती म्हणाली. "शेपटीनं ती लपते, हे दोघींनाच माहीत होतं. मला आणि मॅकॅलनच्या होविता कान्तूला. शेपटी त्यांची, पेन्सिल शेकायची युक्ती त्यांची. मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. घेतलं असतं तर तुम्ही सगळे त्यांच्याकडेच गेला असता, ही भीती होती मला. चुकलं माझं, मावशी."

ती रडू लागली. पण शेरा कुणी लिहिला, याबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही.

"घेतलं गं नाव!" दुकानात होविताच्या फोनमध्ये डोकावत चेलो ओरडली. "झाला ना जीव थंड?"

रडतानाही पोरगी सुंदर दिसत होती, याचाच आधी होविताला राग आला. आणि मोठेपणाही तिनंच मिळवावा? आपल्या वाट्याला काय, तर तो शेरा!

शनिवारी दुकानाबाहेर मुलींची रांग लागली. पहिली खुर्चीत बसली. तिनं फोन काढलाच नाही.

"मावशी, तुमच्यासारखं करा."

होवितानं पेन्सिल मानेवर शेकली, मुलीची पापणी बोटानं धरली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिची रेघ वाकडी गेली.