आईच्या हाताचे फोटो

आईला पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा ती बीडकडच्या आमच्या गावी अंगणात शेंगा फोडत बसली होती. हातातली शेंग खाली पडली. ती उचलायला गेली तर हातच उचलेना. बाबांनी शेजाऱ्याची गाडी मागवून तिला लगेच दवाखान्यात नेलं, म्हणून ती वाचली. वाचाही परत आली थोड्या दिवसांत. उजवा हात मात्र तसाच राहिला. दवाखान्यातून सोडल्यावर मी तिला चिंचवडला माझ्याकडे घेऊन आले. बाबांना जनावरं टाकून येता येत नव्हतं.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट हातात घ्यायचा, गेज लावायचं, मापात बसला तर पुढे सोडायचा, नाहीतर बाजूला काढायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे माप घेतल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. आईच्या हाताला कसलं गेज लावणार? ते आईकडून व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओनं सांगितलं. ती हसरी, पण कडक मुलगी होती.

"ताई, दर आठवड्याला काकूंच्या हाताचे फोटो काढत जा," ती म्हणाली. "एकाच टेबलावर, एकाच उजेडात. मूठ वळलेली, हात उघडा, पेला धरलेला. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही."

आमच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. त्यामुळे दर गुरुवारी सकाळी खिडकीपाशी टेबल ओढायचं, त्यावर आईचा हात ठेवायचा आणि फोटो काढायचे, असा नेमच झाला. माझा जुना फोन मी आईला वापरायला दिला होता, त्यातच त्यांचा वेगळा अल्बम केला होता. आईला त्या फोटोंचं कौतुक नव्हतं. व्यायाम करताना चिडली की म्हणायची, "कायबी फरक न्हाई. मपला हात मेला, बाई. तू उगं मला पोरासारखं नादी लावू नकोस." मग मी आधीचा एक फोटो आणि आताचा एक फोटो समोर धरायचे. ती बघायची, "असंल" म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

एका गुरुवारी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. फोन आईपाशीच होता. आतून तिची हाक आली. पडली की काय म्हणून मी ओले कपडे तसेच टाकून धावले. ती खुर्चीतच होती. फोन मांडीवर, आणि डोळ्यांतून पाणी.

"समदे गेले," ती म्हणाली. "म्या घालवले."

मी अल्बम उघडला. रिकामा. एकही फोटो नाही.

काय झालं ते तिला हळूहळू विचारून घेतलं. ती एकटीच ते फोटो बघत बसली होती. एका फोटोवर तिचं बोट टेकून राहिलं आणि त्यावर बरोबरची खूण आली. ती खूण घालवायला तिनं वर कुठंतरी दाबलं, तर सगळ्याच फोटोंवर खुणा आल्या. घाबरून तिनं आणखी कुठं दाबलं आणि अल्बम मोकळा झाला. एवढ्यावर थांबली असती तरी काही बिघडलं नसतं. फोनच्या कचरापेटीतून मी ते मिनिटात परत आणले असते. पण मी तसं एकदा करताना तिनं पाहिलं होतं, म्हणून तिनं ती कचरापेटीही उघडली. फोन मराठीत करून दिलेला होता. तिथं दोन शब्द होते, 'पुनर्संचयित करा' आणि 'कायमचे हटवा'.

"ते पहिलं मला वाचताच येईना," आई म्हणाली. "दुसरं वाचता आलं. हटवा म्हंजी तितून हलवा, जाग्यावर न्या, असं वाटलं मला."

तिचं काय चुकलं? गुरं हटवायची म्हणजे बाजूलाच करायची असतात. आणि 'पुनर्संचयित' हा शब्द मी तरी फोनबाहेर कुठं ऐकला होता?

पण मला दुसरंच काही सुचलं होतं. "आई, कोणत्या हातानं दाबलंस?"

ती चमकली. फोन डाव्या हातात धरायचा आणि उजव्यानं दाबायचं, हे फिजिओनंच तिला सांगून ठेवलं होतं. "ह्याच मेल्यानं," असं म्हणून तिनं उजव्या हाताकडे पाहिलं.

"मेल्यानं नाही. मेलेला हात एवढं नेमकं दाबत नाही," मी म्हणाले. "रडू नकोस. काही कुठं गेलेलं नाही. मी आणते परत."

हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नव्हते. आमच्या कंपनीत एकदा तपासणीच्या कॉम्प्युटरवरून सगळी मापं पुसली गेली होती आणि ती परत आणताना मी शेजारी उभी होते. पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. ती जागा मोकळी आहे एवढीच नोंद होते, आणि तिच्यावर नवीन काही लिहिलं गेलं की मगच जुनं जातं. म्हणजे आता नवीन काही लिहू द्यायचं नाही. मी आधी फोन फ्लाइट मोडवर टाकला. फोनची मेमरी भरत आली होती म्हणून फोटो मेमरी कार्डावर जातील अशी सोय मी केलेली होती, ती आता कामी आली. फोन बंद केला, कार्ड काढलं आणि रुमालात गुंडाळलं. ऑनलाइन बॅकअप मात्र नव्हता. तिथली जागा व्हॉट्सॅपवर येणाऱ्या सुप्रभातच्या फुलांनी केव्हाच भरून टाकली होती आणि मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

पिंपरीच्या बाजारात एक ओळखीचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा. मी कार्ड समोर ठेवलं आणि झालेलं सांगितलं.

"डिलीट झाल्यावर नवा फोटो काढलात का, ताई?"

"एकही नाही. लगेच कार्ड काढलं."

"मग बरंय. फोनच्या आतल्या मेमरीतले असते तर मी सरळ नाही म्हणालो असतो. कार्डातले बहुतेक वेळा येतात. पण गॅरंटी नाही देत मी." त्यानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "ठेवून जा, परवा या."

मला ते ठेवायचं नव्हतं. काही फोटोंत हातामागे आईही आली होती, घरातल्या गाऊनमध्ये, केस विस्कटलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. ते परक्या माणसानं बघावं हे तिला चाललं नसतं. मी तसं त्याला स्पष्टच सांगितलं. त्याला राग आला नाही. त्यानं कार्ड रीडर दिला, कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं ते सांगितलं आणि दोनदा बजावलं, "सापडलेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह करू नका हं. लॅपटॉपमध्ये करा. नाहीतर एक मिळवताना दुसरा घालवाल."

घरी येऊन लॅपटॉप त्याच खिडकीजवळच्या टेबलावर उघडला. आई शेजारच्या खुर्चीत, पण तोंड फिरवून. पडद्यावरची हिरवी पट्टी फार हळू सरकत होती. मी चहा केला. तो पिऊन झाला तरी ती अर्ध्यावरच.

मग फोटो यायला लागले. आधी भलतंसलतंच आलं. कधीतरी काढून टाकलेला चाकणच्या बाजारातल्या कांद्याच्या गोण्यांचा फोटो, माझ्या अंगठ्याचा फोटो, गॅस बुकिंगचा स्क्रीनशॉट. त्यानंतर एक हात आला. टेबल, खिडकीचा उजेड आणि आईची मूठ.

"आई, बघ."

तिनं मान वळवली. एकामागून एक हात येत गेले. काही फोटो खालून अर्धे राखाडी झालेले होते, काही उघडलेच नाहीत. पण बहुतेक सगळे आले. मी टाळीच वाजवली.

आता एकच घोळ होता. फोटोंची नावं आणि तारखा गेल्या होत्या, नुसते आकडे उरले होते. इथं आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातला हात आणि आज सकाळचा हात शेजारी शेजारी, सगळं उलटसुलट. मी आठवून आठवून लावू लागले. दोन फोटो पुढेमागे ठेवले तोच आई म्हणाली, "तसं न्हाई. हा आधीचा."

"कशावरून?"

"अंगठा बघ की. हितं आत दबलाय. आन् त्याच्यात भाईर निघालाय." ती पुढे सरकून बसली. "ह्याच्यात मनगट वाकडं हाय. ते मग सरळ झालं, तुपली ती व्यायामवाली पोरगी मनगटाला फळी बांधायची त्याच्यानंतर. आन् हा पेल्याचा. ह्याच्यात पेला तूच खालून धरलायस, तुपली बोटं दिसत्यात. त्याच्यात मीच धरलाय."

मी आठवणं सोडून दिलं आणि ती सांगेल तसे फोटो लावत गेले. एकेक फोटो ती जवळून बघायची, दुसरा मागायची, दोन्ही ताडून बघायची. कंपनीत नव्या मुलींना तपासणी शिकवताना मला जे जमवून आणायला महिना लागतो, ते ती जन्मभर करत आल्यासारखी करत होती. धान्य पाखडणाऱ्या आणि शेंगा निवडणाऱ्या बाईची नजर ती. ऊन टेबलावरून खाली उतरलं तरी आम्ही तिथंच होतो.

सगळे लागले तेव्हा ती खुर्चीत मागे टेकली. मग उजवा हात मांडीवरून उचलून तिनं टेबलावर ठेवला, बोटं पसरली, मिटली, पुन्हा पसरली.

"लई फरक हाय की गं," ती म्हणाली.

इतके दिवस मी तिला हेच सांगत होते, पण ते माझं सांगणं होतं. आता तिनं स्वतः मोजलं होतं.

फोटोच्या पोटात खरी तारीख दडलेली असते आणि ती बघता येते, हे मला पुढच्या आठवड्यात कंपनीतल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं. त्या दुपारी ते ठाऊक नव्हतं हे फार बरं झालं. आईनं लावलेला क्रम मी तारखांशी ताडून पाहिला. दोन फोटो सोडले तर सगळा बरोबर निघाला. त्या दोन्हींबद्दल आई अजून ऐकत नाही, फोनमधली तारीखच चुकली असेल म्हणते.

फिजिओला हे सगळं सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग तिनं आईला फोनवर बोट दाबून धरायला आणि सरकवायला लावलं, आणि तोही व्यायामात धरला. आईनं त्या दिवसापासून व्यायामाला नाही म्हटलं नाही. कधी चिडली तर हातावर चिडायची, पण करायची. मी फोटो लॅपटॉपमध्ये आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवले, सुप्रभातची फुलं साफ करून बॅकअप सुरू केला, आणि फोनची भाषा आईला विचारून मराठीच ठेवली. त्या अवघड शब्दाचा अर्थ मात्र तिला नीट सांगितला.

दिवाळीनंतर ती गावी परत गेली. मीच सोडायला गेले. गावच्या स्टँडवर बसमधून उतरल्यावर बाबांनी तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण उजव्या हातातली ती पिशवी तिनं दिली नाही. आता तिकडून तिनं काढलेले फोटो येतात. व्यालेली म्हैस, दारातला कढीपत्ता, बाबा जेवताना. निम्मे हललेले असतात आणि कोपऱ्यात तिचं बोट असतं. मी एकही काढून टाकत नाही.