ऑइल पिणारी गाडी

बेंगळुरूला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंना मी अक्का म्हणत असे आणि त्यांच्या यजमानांना अण्णा. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे जाऊन स्थायिक झालेलं. पेठेत कापडाचं दुकान, घरात कानडीत भिजलेली मराठी. ती ऐकून माझ्या नवऱ्याला हसू यायचं. आम्ही पुण्याहून आलेले, हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. त्या शहरात मला अक्कांशिवाय कोणी नव्हतं. मुलीला कांजिण्या झाल्या तेव्हा पंधरा दिवस आमचा डबा त्यांच्या घरून आला.

आमच्याकडे सेकंडहँड घेतलेली एक डिझेल गाडी होती. वर्षभरात ती ऑइल पिऊ लागली. हे रोज सकाळी ऑइलची पट्टी काढून बघत, पुसून परत घालत आणि परत बघत. म्हैसूरला गेलो तेव्हा वाटेत दोनदा थांबून ऑइल ओतावं लागलं. मागून निळसर धूर निघायचा आणि आम्हाला ओलांडून पुढे जाणारे लोक आमच्याकडे रागाने बघायचे.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला मेस्त्री अबोल माणूस होता. त्याने आधी गाडीखाली पुठ्ठा पसरला. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडाच होता. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं, तर तिथूनही भसाभसा धूर.

"साहेब, गळत नाही, जळतंय," तो हिंदीत म्हणाला. "रिंगा गेल्यात, सिलिंडर झिजलेत. नुसत्या रिंगा बदलून महिनाभर बरं वाटेल, मग पुन्हा तेच. इंजिन उतरवून बोअर करायचं, मोठ्या मापाचे पिस्टन घालायचे. मग काळजी नाही."

घरी आल्यावर हे म्हणाले, "एवढा खटाटोप कोण करतो? विकून टाकू."

नेमकं त्याच सुमारास अण्णा गाडी शोधत होते. दुकान मंदावलं होतं. अक्कांचं माहेर देवनहळ्ळीचं. तिकडच्या लग्नांच्या वर्द्या मिळतील, गाडी भाड्याने फिरवू, असा त्यांचा विचार. आमची गाडी विकायची आहे हे कळल्यावर ते फार खूश झाले. परक्याकडून घेण्यापेक्षा घरच्यासारख्या माणसाकडून घेतलेली बरी, असं म्हणाले.

रविवारी अण्णा गाडी बघायला यायचे होते. आदल्या दिवशी ह्यांनी जुनं ऑइल काढून मधासारखं घट्ट ऑइल भरलं, वर कसल्याशा औषधाचा डबा ओतला. दाट ऑइल गाडी तापेपर्यंत धूर धरून ठेवतं, हे त्यांनीच मला सांगितलं. रविवारी अण्णांना शेजारी बसवून त्यांनी दूधकेंद्रापर्यंत एक फेरी मारली आणि गाडी तापायच्या आत परत आले. धूर दिसला नाही.

तेवढ्या वेळात अक्का माझ्या स्वयंपाकघरात अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलायला बसल्या होत्या. सोलता सोलता म्हणाल्या, "गाडी सरी, बरी आहे ना गं? काही स्वल्प खोट असंल तरी आत्ताच सांग. ते तुझ्या यजमानांना विचारायला लाजतात."

"छान आहे," मी म्हणाले. "परवा म्हैसूरला जाऊन आलो की आम्ही."

त्यांनी मान हलवली आणि पुढची शेंग घेतली. मला बोलता आलं असतं. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज येईपर्यंत पुरेसा वेळ होता.

देवनहळ्ळीच्या दुसऱ्याच खेपेला गाडीने धूर ओकला. आत नवरदेवाकडची माणसं बसलेली. परत आल्यावर अण्णांनी गाडी घराजवळच्या गॅरेजात नेली, आणि घराजवळचं गॅरेज म्हणजे तेच, कोपऱ्यावरचं. मेस्त्रीने गाडी ओळखली आणि जे आम्हाला सांगितलं होतं ते त्यांनाही सांगितलं.

अण्णा संध्याकाळी आले. चप्पल न काढता दारातच उभे राहिले.

"तुम्हाला मेस्त्रीनं सांगितलं होतं म्हणे."

"अहो, जुनी डिझेल गाडी," हे म्हणाले, "थोडं ऑइल पिणारच. आणि तुम्ही चालवून बघितली होती."

"मी चालवली नाही. तुम्ही चालवलीत, मी शेजारी बसलो."

अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात पोळीचं पीठ होतं, तेच मी मळत राहिले.

अण्णांनी इंजिन उतरवलं. बोअर, पिस्टन, रिंगा, सगळं केलं. त्यात अख्खी लग्नसराई गाडी गॅरेजात पडून राहिली, ठरलेल्या वर्द्या दुसऱ्यांकडे गेल्या. नंतर ती उत्तम चालली. रोज सकाळी आमच्या खिडकीसमोरून जायची, मागे धुराचा मागमूस नाही. मला ते बघवत नसे.

मध्ये एकदा धीर करून मी वाटीभर शिरा घेऊन अक्कांकडे गेले. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "एनु बेकित्तु?" काय हवं होतं, असं दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला विचारतात तसं. मी मराठीत बोलत राहिले, त्या कानडीत उत्तरं देत राहिल्या, अहोजाहो करून. मग वाटी आत नेली, शिरा काढून घेतला आणि घासून पुसून रिकामी माझ्या हातात दिली. माफी मागायची असं ठरवून गेले होते. ते राहूनच गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नाही, मी टाळलं.

दोन वर्षांनी आम्हाला कारखान्याच्या वसाहतीत घर मिळालं. सामान हलवताना लोखंडी कपाट टेंपोत चढेना. अण्णा दुकानाला निघाले होते. ते थांबले, बाह्या सरसावून त्यांनी खालून हात दिला आणि कपाट चढवलं. चहाला थांबा म्हटलं, तर हात झटकून निघून गेले.

"बघ," हे म्हणाले, "विसरले ते."

मी टेंपोत जाऊन बसले.