शरूचा चेहरा घेऊन बोईसरला

“तू जाऊ नकोस, पोर बिथरेल,” असं आई म्हणत राहिली, तरी मी निघाले. साठच्या दशकातली, थंडीतली गोष्ट. शरू आणि मी जुळ्या, अगदी एका चेहऱ्याच्या. शरू जाऊन वर्ष झालं होतं. तिची चार वर्षांची छबी बोईसरला वडिलांजवळ. भावजी तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर. छबीनं मला तान्हेपणानंतर पाहिलंच नव्हतं. मला बघून तिला आई परत आली असं वाटलं तर?

पॅसेंजर पालघरला थांबली आणि माझा धीर सुटला. उतरले, आणि सरळ सातपाटीची एस.टी. धरली. भाडं किरकोळ, रस्ता नारळी-चिकूच्या सावलीतून, डोळे मिटावेसे वाटणारा. जाल तर होड्या किनाऱ्याला लागायच्या वेळी जा. बांबूंवर बोंबील वाळत होते, पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं. थोडा वेळ मला कशाचीच भीती वाटली नाही.

“अगो बाय, व्हतीस कुठं? पोरगी कशी हाय?” एका मासेवालीनं माझा हातच धरला. शरू इथं मासळी घ्यायला यायची, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“मावशी, मी शरू नाही, तिची जुळी बहीण. शरू गेली.”

तिनं माझा हात सोडला. मग डोळे पुसून टोपलीतली पापलेटं लावू लागली. सगळी सारखी. मी उगीच म्हटलं, “यांचे चेहरे कसे एकसारखे!”

“त्यांची कोन वाट बगतंय? मानसाची घरात वाट बगतात. वलखाया नको?”

मी शाळेत विज्ञान शिकवते. माणसांचे हात-कोपर पाहून कोण ते सांगता येत नाही, चेहरा मात्र ज्याचा त्याचा. एकमेकांच्या आधारानं जगणाऱ्या जातीला आपलं माणूस ओळखल्यावाचून भागत नसणार, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या चेहरे वेगळे होत गेले असणार. मग आम्हा दोघींत एकच का आला? पालघरला परतून पुन्हा गाडी धरली, आणि या विचारातच बोईसर आलं.

मी येणार हे भावजींना पत्रानं कळवलं होतं; छबी दारातच होती. माझ्याकडे बघून थबकली. जवळ आली, माझ्या गालावरून, भुवयांवरून बोट फिरवलं. भावजींनी मान वळवली.

“तू आईसारखी आहेस,” ती म्हणाली. “पण तू मावशी.” आणि मांडीवर चढून बसली.

दोन दिवस राहिले, रोज तिची वेणी घातली. निघताना स्टेशनवर डब्याच्या खिडक्यांत चेहरेच चेहरे होते. तिनं बरोबर मलाच हात केला.

घरी आले, आरशासमोर पदर सारखा करायला उभी राहिले. वर्षभर त्यात मला शरू भेटत होती. त्या दिवशी तिथं मी एकटीच होते. तेव्हा मी शरूसाठी पहिल्यांदा रडले.