गुरुवार मोजायचा नाही

"रिपोर्टमधलं टेबल तीन आहे तसंच जाईल," ग्रॅहम म्हणाला. "मेथडॉलॉजी सरकारी गाइडन्सप्रमाणे आहे. म्हणजे चूक नाही."

"चूक आहे," मी म्हटलं. "आणि ती माझी आहे."

ग्रॅहम माझा बॉस. दोन हजार चार-पाचची गोष्ट. दक्षिण लंडनमध्ये, क्रॉयडनमधल्या एका ट्रॅफिक कन्सल्टन्सीत मी नोकरी करत होते. रस्त्यावरून किती गाड्या आणि किती माणसं जातात ते मोजायचं, आणि त्यावरून रस्ता कसा बदलावा ते सांगायचं, हे आमचं काम. स्वतःची चूक मान्य करून घ्यावी म्हणून बॉसशी भांडणारी त्या ऑफिसात मी पहिलीच असेन.

काम होतं लंडनपासून दोन तासांवरच्या एका मार्केट टाउनचं. म्हणजे आठवडी बाजाराचं गाव. फक्त इथं बाजार भरवायचा हक्क सातशे वर्षांपूर्वी कुणा राजाने लेखी दिलेला. तेव्हापासून दर गुरुवारी चर्चसमोरच्या चौकात बाजार भरतो. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसरांना त्या चौकातून सरळ रस्ता काढायचा होता आणि बाजार गावाबाहेर, लेझर सेंटरच्या, म्हणजे जिम आणि स्विमिंग पूलच्या, मागच्या कार पार्कात हलवायचा होता. चौक फारसा वापरात नाही हे आकड्यांनी दाखवलं, की काम झालं.

आमच्या धंद्यात मोजणी 'न्यूट्रल डे'ला करतात. न्यूट्रल डे म्हणजे सर्वसाधारण दिवस. सोमवार किंवा शुक्रवार नको, शनिवार-रविवार नको, शाळेची सुट्टी नको, गावात काही विशेष असेल तो दिवस नको. बाजाराचा गुरुवार 'ॲबनॉर्मल' म्हणून बाद झाला. मी क्रॉयडनमध्ये बसून बुधवार ठरवला. एका सर्व्हे एजन्सीने खांबांवर कॅमेरे लावले. फुटेजमध्ये दुपारी एकनंतर चौकात शुकशुकाट. गावच सुस्त आहे, असं म्हणून मी टेबल तीन भरलं.

मग रिपोर्टच्या कव्हरसाठी फोटो हवा होता, म्हणून एका गुरुवारी मी पहिल्यांदा त्या गावात गेले. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. आसपासच्या खेड्यांतून बस येऊन थांबत होत्या, आणि चाकांच्या पिशव्या ओढत म्हाताऱ्या उतरत होत्या. चीजच्या स्टॉलवर मॉरीन नावाची साठीची बाई होती. तिच्या आजोबांपासूनचा तो स्टॉल. गळ्यातलं माझं आयडी कार्ड तिने वाचलं.

"तुम्हीच का त्या मोजणाऱ्या? कधी मोजलंत?"

"बुधवारी."

तिने चीजची सुरी खाली ठेवली. "बुधवारी दुपारी इथं चिटपाखरू नसतं, लव्ह. हाफ-डे क्लोजिंग असतं. शनिवारी दुकानं उघडी ठेवतो, म्हणून बुधवारी एकला बंद. माझ्या आईच्या लहानपणापासून असंच आहे."

खांबावरचा कॅमेरा खाली बघतो. दुकानांची दारं त्यात दिसत नाहीत. पण मी तरी एक फोन करायला नको होता का? दुपारी एक वाजता दुकान बंद होतं ही गोष्ट पुण्यात वाढलेल्या बाईच्या लक्षात येऊ नये! मला स्वतःचीच लाज वाटली.

"तिकडे त्या कार पार्कात बस जात नाही," मॉरीन म्हणाली. "या बायका येणार नाहीत. वर्षभरात आमचा बाजार उठेल."

ते ऐकून क्रॉयडनला परतले आणि ग्रॅहमला सांगितलं. त्याचं उत्तर वर दिलंच आहे. त्यात त्याने एक वाक्य जोडलं. "तुझ्या वर्क परमिटच्या एक्स्टेन्शनचा फॉर्म माझ्याकडेच आहे, बरं का." आवाज अगदी गोड. परमिट कंपनीच्या नावावर होतं. ते वाढलं नाही तर मला देश सोडावा लागणार होता.

शेजारच्या डेस्कवर नागपूरचा संदीप बसायचा. तो ड्रॉइंग्ज करायचा. त्याने सगळं ऐकलं होतं.

"अगं, साइन ऑफ करून टाक ना. क्लायंटला हेच पाहिजे. तू कशाला टेन्शन घेते?"

"माझ्या नावाने खोटं जातंय, संदीप."

"खोटं कुठे? रूल्सप्रमाणेच आहे ना!"

हेच तर माझ्या डोक्यात गेलं. सातशे वर्षं जो दिवस दर आठवड्याला येतो तो ॲबनॉर्मल, आणि दुकानं बंद असतात तो सर्वसाधारण! मी एक दिवस रजा टाकली, पुढच्या गुरुवारी सकाळी सातला चौकात क्लिपबोर्ड घेऊन उभी राहिले आणि संध्याकाळी पाचपर्यंत एकटीने माणसं मोजली. मॉरीन मदतीला येत होती, तिला नको म्हटलं. ज्यांचं नुकसान होणार त्यांनी मोजलं तर त्या आकड्यांना काय किंमत? पाय भरून आले, पण बरं वाटलं.

रिपोर्ट कौन्सिलच्या कमिटीसमोर मांडायचं काम माझंच होतं. टाउन हॉलमध्ये कौन्सिलर बसलेले, मागे गावकरी, माझ्या शेजारी ग्रॅहम. टेबल तीन पडद्यावर आलं.

"हे टेबल मी केलंय," मी म्हटलं, "आणि ते चुकीचं आहे. तुमची दुकानं बुधवारी दुपारी बंद असतात. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

मागे कुणीतरी मोठ्याने हसलं. चेअरमनबाईंनी चष्मा काढला. "हे आम्ही तुम्हाला फुकट सांगितलं असतं."

"मेथडॉलॉजी राष्ट्रीय गाइडन्सप्रमाणे—" ग्रॅहमने सुरुवात केली.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. आणि मला विचारलं, "गुरुवारचे आकडे आहेत?"

"आहेत. रजा घेऊन मोजलेत. बुधवारच्या कित्येक पट माणसं आहेत. पण एकदा चुकलेल्या माणसावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या."

त्यांनी तसंच केलं. दुसऱ्या कंपनीची मोजणी माझ्या मोजणीच्या जवळपासच आली आणि रस्त्याची योजना बासनात गेली. बाजार चौकातच राहिला.

मला लेखी वॉर्निंग मिळाली. कारण, परवानगीशिवाय साइटवर मोजणी. पत्राखाली छापलं होतं, 'मला माझी चूक मान्य आहे', आणि पुढे सहीची जागा. मी पत्र ग्रॅहमला परत दिलं.

"बुधवारची चूक मी भर सभेत मान्य केली आहे," मी म्हटलं. "गुरुवारची करणार नाही."

परमिट मात्र वाढलं. सिग्नलच्या टायमिंगचं सॉफ्टवेअर चालवणारं ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

आता माझ्या हाताखाली ज्युनिअर्स असतात. सर्व्हेची तारीख ठरवण्याआधी मी त्यांना, ज्या गावाची मोजणी असेल तिथे, एक फोन करायला लावते. कौन्सिलला नाही, एखाद्या दुकानदाराला.