न मोजलेला कडा

हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. विषय जवळ आला की मी चहा मागायचो.

माझं काम उन्हाचा अंदाज बांधण्याचं. सपाटीवर ते उपग्रहाच्या नकाशावरून जमतं, डोंगरात जमत नाही. नकाशाला कड्याचा माथा आणि पायथा सारखेच. म्हणून जागेवर उभं राहून चहूबाजूंच्या डोंगरांच्या उंचीचे कोन घ्यायचे. त्यावरून कुठल्या महिन्यात सूर्य कधी आड जाईल ते निघतं.

पेठच्या बाजूला, कड्याखालच्या एका पाड्यावर सौर मोटर बसायची होती. विहीर खाली, घरं वर. मी गेलो मे महिन्यात. खाचरांत राब भाजत होते. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, त्याचा धूर दरीत साठला होता. थंडीत सूर्य ज्याच्या अंगाने जातो, तो दक्षिणेचा कडा त्यात पार बुडालेला. बाकीचे डोंगर मी मोजले आणि कड्याचा कोन अंदाजाने लिहिला. धूर रात्रीपर्यंत विरणार नव्हता आणि मला तिथे मुक्काम करायचा नव्हता.

पॅनेलसाठी विहिरीजवळ सपाट जागा एकच, एका म्हातारीचं खाचर.

“सायेब, थंडीत ऊन लय थोडं राहतं इथं. मोटरीला पुरंल का?”

“पुरेल बाई. मोजलंय.”

“मग घ्या. आमी उतारावर नागली लावू. नायतरी भात खाऊन कोण गोरं झालंय!”

सगळे हसले. तेवढ्यात पश्चिमेच्या डोंगराची सावली पहिल्या उंबऱ्याला टेकली आणि पाडा गप्प झाला. बांधावरून भांडणारे दोघे भाऊ अर्ध्या शिवीवर थांबले. कोंबड्या आपणहून आत गेल्या. समोरचा डोंगर अजून उन्हात लख्ख होता.

“दिवा लागेतो बोलायचं नाय,” म्हातारी कुजबुजली.

“सावलीला ऐकू येतं की काय?”

“तिला नाय. तिच्या मागनं जे येतं, त्याला.” आणि तिने तोंडाला पदर लावला.

थंडीत निरोप आला की मोटर चालत नाही. जीपमधून उतरतानाच चालक म्हणाला, “म्हातारीकडं जपून जा. सून गेली तिची, विहिरीत.” मोटर आली म्हणून बायकांनी सकाळचं पाणी भरणं सोडलं होतं. पण वरची टाकी भरायची नाही, मग त्या दुपारी सावलीत खाली उतरायच्या. त्या दिवशी पायऱ्यांवरून हंडा घरंगळल्याचा आवाज पाड्याने ऐकला. माणसाचा आवाज आलाच नाही. ती पडली, बुडाली, पण ओरडली नाही.

म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. “बाई, मला तुम्हाला...” एवढंच म्हणालो. दुपारची जेवणं व्हायची होती आणि सूर्य कड्याआड गेला. खाली मोटर घरघरून थांबली. म्हातारीने ओठांवर बोट ठेवलं.

मी समोर बसून राहिलो. अंगणातला उजेड निळसर झाला. बराच वेळ गेला. मग विहिरीकडे काहीतरी वाजलं, भांडं दगडावर आपटावं तसं. मी दचकून वळलो. तिने मान हलवली नाही. जणू तो आवाज तिला रोजचा होता.

दिवा लागला. आता बोलता आलं असतं. पण आधी तीच बोलली, “सायेब, जीप जाईल तुमची.”

आणि मी निघालो.

पुढे पॅनेल वरच्या माळावर हलवली. कारण म्हणून मी लिहिलं, जागा अपुरी. म्हातारी दोन पावसाळ्यांनी गेली.

आता गंगापूर रोडला राहतो. शेजारी उंच इमारत झाली, तिची सावली थंडीत दुपारीच आमच्या दारात येते. “अहो, या वेळेला तुमची दातखीळ का बसते?” बायको विचारते.  खालच्या मजल्यावर कुणी बादली आपटली की मी उठून दार लावतो.

आत्ताही सावली उंबऱ्यावर आहे. लिहिण्याचा आवाज होत नाही, म्हणून लिहितो आहे. बाई, कडा मी मोजला नव्हता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो, त्यात तुमची सून गेली. मला माफ करा.