झैतुनच्या बाकाखाली

झैतुन त्या कारखान्यात लागली तेव्हा वहिनीने विचारलं होतं, "तिथं? तिथं कशी बसशील तू?"

"खुर्चीवर," झैतुन म्हणाली. दोघी हसल्या आणि पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

कारखाना उभा होता ती जागा कांपोंग बाकाऊची, झैतुनच्या जुन्या गावाची. खाजणात खांबांवर उभी घरं, मागे नारळ, नारळांपलीकडे कबरी. सिंगापूरला कारखाने हवे होते, जागा थोडी. घरं पाडून माणसांना उंच इमारतींत नेलं आणि कबरी उकरून पश्चिमेकडच्या मोठ्या दफनभूमीत हलवल्या. झैतुनचा थोरला भाऊ इद्रिस आईला आणायला गेला. खाऱ्या चिखलात त्याला काहीच सापडलं नाही. अशा वेळी करतात तेच त्याने केलं. ओंजळभर माती पांढऱ्या कापडात बांधली आणि नव्या खड्ड्यात ठेवून दुआ मागितली.

"मातीच झाली होती ती," तो घरी येऊन म्हणाला. "आता हीच आपली माक." आईला ते माक म्हणत. सगळ्यांनी मान हलवली. झैतुननेही हलवली. कुठली माती, किती खोलवरची, हे तिने विचारलं नाही.

नंतर मात्र, तीन नंबरच्या लाइनवर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसली की हाच प्रश्न पायांतून वर चढायचा. काम बारीक होतं. केसाहून पातळ सोन्याची तार चिपच्या एका टोकाला चिकटवायची, हलक्या हाताने कमान देऊन दुसऱ्या टोकाला टेकवायची. श्वास जोरात सुटला तरी तार हलायची. खिडकी एकही नव्हती. एसीच्या गारठ्यात मुली स्वेटर घालून बसायच्या. नारळांच्या हिशेबाने माकच्या जुन्या कबरीचा कोपरा कुठे येतो, याचा अंदाज तिने मनात कितीदा तरी बांधला होता. तो यायचा शेजारच्या बाकाखाली. तिथे रमला बसायची.

रमला बडबडी. "तुझ्या तारा बघ, मशिदीच्या कमानीसारख्या," ती म्हणायची. "माझ्या बघ, सासूच्या भुवया!"

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी रमला किंचाळली. खुर्ची उलटली, मायक्रोस्कोप कलंडला. "म्हातारी! आत म्हातारी आहे!" मग तिचा आवाज बदलला, जाड आणि खरखरीत झाला. "पाय काढा! अंगावरचे पाय काढा!" पुढच्या रांगेतली एक मुलगी रडायला लागली, मग दुसरी. बघता बघता निम्मी लाइन जमिनीवर पडली होती. झैतुन तेवढी बसून राहिली. तिने पाय हळूच खुर्चीवर ओढून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. मग सुपरवायझर मिस्टर कोह लाइनसमोर उभे राहिले. माणूस वाईट नव्हता; चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात भुकेल्या भुतांसाठी मागच्या फाटकाशी तेही उदबत्त्या लावायचे. पण अमेरिकेला जाणारा माल अडला होता. "उद्या बोमोहला बोलावलंय," ते म्हणाले. "तो भूत घालवेल. त्यानंतर जी ओरडेल तिला मी घरी घालवेन. रमला, ऐकलंस?"

रमलाच्या नवऱ्याचं गोदीतलं काम सुटलेलं होतं. "मी काय हौसेने ओरडते?" ती झैतुनला म्हणाली. "झैतुन, तू कांपोंगातली. कोण ग ती? डाव्या कानाची पाळी फाटलेली होती."

लहान असताना झैतुनने माकच्या कानातलं डूल ओढलं होतं. तेव्हा रक्त आलं होतं आणि माक हसली होती.

"नाही ग ओळखत," झैतुन म्हणाली.

बोमोह पाक सामाद सकाळी आला, छत्री आणि कापडी पिशवी घेऊन. त्याने ऊद पेटवला, लिंबं कापली, हळदीचे पिवळे तांदूळ लाइनभर उधळले. मग रमलाच्या बाकाशी उकिडवा बसला आणि जमिनीला तळहात लावला.

"इथलं जुनं माणूस कोण आहे?" त्याने विचारलं. "मी परका. ही माझं ऐकणार नाही. घरच्या माणसाने 'जा' म्हटलं तर जाईल."

"कुठे जाईल?" झैतुन पटकन बोलून गेली.

पाक सामादने तिच्याकडे पाहिलं. "मी फक्त घालवतो, बाई. पोचवत नाही."

मिस्टर कोहनी घड्याळ बघितलं. भिंतीशी उभी रमला झैतुनकडे टक लावून बघत होती. झैतुन पुढे झाली, गुडघ्यांवर बसली. गुळगुळीत फरशी गार लागली. 'जा' म्हणायचं, एकच शब्द. पण घर पाडलेलं, नारळ तोडलेले, नव्या कबरीत फक्त ओंजळभर माती. जा म्हणायचं तर कुठे?

तिने फरशीला तोंड लावलं. "माक," ती पुटपुटली, "आम्ही न विचारताच बसलो. चुकलं. आम्हाला बसू दे. त्या पोरीला दिसू नकोस. मला दिस."

पाक सामादने ते ऐकलं असावं. त्याने हातातलं लिंबू पिळलं आणि तो मोठ्याने म्हणाला, "झालं."

दुपारी झैतुनने रमलाशी बाकाची अदलाबदल केली. पुन्हा कुणी ओरडलं नाही. माल गेला. बोमोहचं नाव झालं.

झैतुन मात्र वाट बघत राहिली. रोज खुर्ची ओढण्याआधी ती ओठांतल्या ओठांत परवानगी मागायची, मग मायक्रोस्कोपला डोळे लावायची. आत सोन्याच्या कमानी दिसायच्या, बाकी काही नाही. बाजूला नवे कारखाने उठले, रस्ते रुंद झाले, परदेशी साहेब पाहणीला येऊ लागले. तिला लाइन लीडर केलं तर ती नको म्हणाली.

"वेडी आहेस का?" रमला वैतागली. "लीडरला फिरायला मिळतं."

"लीडरला आत बघायला मिळत नाही."

पुढे तारा लावणारी यंत्रं आली. कंपनीने बेटाच्या दुसऱ्या टोकाला मोठी इमारत बांधली, ही पाडायची ठरलं. शेवटच्या दिवशी सगळ्या खाली गेल्या तरी झैतुन बाकाशीच होती. "चल," म्हणावं तर माकला परक्या जमिनीवर कसं न्यायचं? "राहा," म्हणावं तर कुणासोबत? तिला दोन्ही म्हणता आलं नाही. ती नुसतीच उठली.

खाली कंपनीची बस जवळजवळ भरली होती. झैतुन पुढच्या बाकावर बसली, शेजारी रमलासाठी जागा धरून. रमला पिशव्या सांभाळत चढली, तिच्यापाशी आली आणि थबकली. रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग तिचा हात आपल्या डाव्या कानाच्या पाळीकडे गेला आणि ती मागे जाऊन दांड्याला धरून उभी राहिली.

झैतुनने सारोंगचा घोळ गोळा केला आणि ती खिडकीकडे थोडी सरकली.