मुका झाला, बहिरा नाही

चौदा वर्षे मी एक गोष्ट लपवून ठेवली. ज्या शोधनिबंधावर माझ्या एकट्याचे नाव आहे, त्यातला मुख्य विचार माझा नव्हता. तो माझा सहकारी-मित्र देविदास याचा होता. त्याने विचारले तेव्हा मी म्हणालो, छापताना नाव राहून गेले. राहून गेले नव्हते... मीच काढले होते. तो कॉलेज सोडून उमरखेडला शेतीकडे गेला, आणि संबंध त्यानेच तोडले असे मी सर्वांना सांगत राहिलो.

अतींद्रिय गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी यवतमाळच्या एका कॉलेजात वायरलेस नेटवर्क शिकवतो. शेतातला ओलावा मोजून एकमेकांना निरोप देणारी छोटी यंत्रे असतात, त्यांना आम्ही नोड म्हणतो. त्यांतले एखादे बंद पडले तर काय होईल, ते आम्ही आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून पाहतो. निरोप थांबला की नोड मेला, असे मी धरायचो. देविदास हसायचा. "कायले मारून राह्यला त्याले? तो मुका झाला, बहिरा नाही. तुह्यं आयकत असन बिचारा." नोड मरणे वेगळे, दुवा तुटणे वेगळे — हाच तो विचार. आमच्या सिम्युलेशनच्या नकाशावर पहिला नोड माझ्या लॅबमध्ये होता आणि नववा त्याच्या कपाशीच्या वावरात.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याची सुट्टी होती. दुपारी लॅबमध्ये मी एकटाच. विद्यार्थ्यांसाठी ते जुने सिम्युलेशन पुन्हा चालवले. शंभराव्या सेकंदाला नववा नोड पूर्ण बंद, अशी सूचना मीच लिहिली होती. त्यानंतर नोंदींमध्ये त्याची एकही ओळ यायला नको. निरोप पाठवल्याची ओळ नव्हतीच. पण निरोप मिळाल्याच्या ओळी शेवटपर्यंत येत राहिल्या... आणि प्रत्येक निरोप पहिल्या नोडचा. प्रोग्राम तपासला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवला. तेच.

तीन आठवडे मी स्वतःला समजावत राहिलो. मग उमरखेडची एस.टी. धरली.

देविदासच्या घराचे दार वहिनींनी उघडले. "सापडला का भाऊजी रस्ता?" एवढेच म्हणाल्या आणि पाणी दिले. मग सांगितले : तान्ह्या पोळ्याला, दुपारी जेवता जेवता, देविदासला अर्धांगाचा झटका आला. मला त्याच्या खोलीच्या उंबऱ्यातच थबकलेले पाहून त्या हळूच म्हणाल्या, "बोलनं गेलं त्यायचं. पन आयकू सारं येते. तुम्ही बोला."

उमरखेडहून परतल्यावर तोच प्रोग्राम मी अनेकदा चालवला. शंभराव्या सेकंदानंतर नवव्या नोडची एकही ओळ येत नाही, मिळाल्याचीही नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशीच्या नोंदींची फाइल दोन सहकाऱ्यांना दाखवली. त्यांना उलगडा झाला नाही, मलाही नाही.

उमरखेडला त्या दुपारी मी त्याच्या खाटेजवळ बसलो. उजवा हात निपचित होता. डोळे माझ्याकडे होते. उत्तर येणार नाही हे ठाऊक असताना, वहिनींच्या देखत, मी त्याच्याच बोलीत मोठ्याने म्हणालो, "देविदास, तुह्यं नाव राहून नव्हतं गेलं. म्याच काढलं होतं. चुकलं माह्यं... माफ कर मले."